विमानाचे तिकीट हा करारच : परतावा व प्रवाशांचे हक्क

(सोलापूर येथील नागरिकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

सोलापूरचे नाव घेतले की चादर, टॉवेल, यंत्रमागांची खडखड आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा डोळ्यांपुढे उभी राहते. या शहराच्या प्रवासाच्या सवयीही ठरलेल्या आहेत. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघावे आणि सकाळी मुंबईत कामाला लागावे, हा येथील व्यापारी, विद्यार्थी व रुग्ण यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. रेल्वेचे तिकीट रद्द केल्यास किती पैसे कापले जातात, गाडी तीन तासांहून अधिक उशिरा धावत असेल व प्रवास करावयाचा नसेल तर पूर्ण भाडे परत कसे मागावे, हे सोलापूरच्या सामान्य माणसालाही ठाऊक असते. विमानाच्या तिकिटाविषयी मात्र असे म्हणता येत नाही.

याला कारण आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळ जुना असला तरी नियमित प्रवासी विमानसेवा या शहराच्या वाट्याला फारशी आली नाही. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस किंगफिशर कंपनीची मुंबईची सेवा काही काळ चालली आणि बंद पडली. त्यानंतर बरीच वर्षे नागरिकांनी निवेदने दिली, आंदोलने केली. विमानाच्या मार्गात येणारी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९२ मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्या चिमणीशी हजारो ऊस उत्पादक सभासदांचा जिव्हाळा जडलेला होता आणि त्यांचा विरोधही तितकाच तीव्र होता. २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाच्या नूतनीकृत इमारतीचे उद्‌घाटन झाले. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याकडे आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईकडे विमाने उडू लागली.

ज्या सेवेसाठी एका शहराने एवढी किंमत मोजली, त्या सेवेकडून आपल्याला काय मागता येते, हे त्या शहराच्या नागरिकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. विमानतळ झाला म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम जागरूक प्रवाशांनीच करावयाचे असते.

तिकीट म्हणजे करार

विमानाचे तिकीट हा प्रवासी व कंपनी यांच्यातील करार आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. प्रवासी आगाऊ पैसे देतो. त्याच्या बदल्यात कंपनी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी त्याला पोहोचविण्याची हमी देते. हा करार प्रवाशाने मोडला तर एक नियम लागू होतो आणि कंपनीने मोडला तर दुसरा. तिकिटाच्या पैशांविषयीचे बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात. 'तिकीट परत न मिळणाऱ्या प्रकारचे आहे' हे उत्तर कंपनीने प्रवाशाला तेव्हाच द्यावे, जेव्हा प्रवाशाने आपण होऊन प्रवास रद्द केला असेल. उड्डाण कंपनीनेच रद्द केले असेल तर त्या उत्तराला अर्थ राहत नाही.

या दोन्ही बाबतींत केंद्र शासनाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम घालून दिले आहेत. तिकिटाच्या परताव्याचे नियम २००८ मध्ये, तर प्रवेश नाकारणे, उड्डाण रद्द होणे व विलंब यांविषयीचे नियम २०१० मध्ये आले. दोहोंत पुढे वेळोवेळी सुधारणा झाल्या. ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेली सुधारणा त्यांतील महत्त्वाची होय.

प्रवाशाने तिकीट रद्द केले तर

तिकिटाच्या रकमेचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक भाग मूळ भाडे व इंधन अधिभाराचा. दुसरा भाग शासनाचे कर आणि विमानतळाची निरनिराळी शुल्के यांचा. पहिला भाग कंपनीचा असतो. दुसरा भाग कंपनी केवळ गोळा करते. प्रवासच झाला नाही तर तो ठेवून घेण्याचा तिला अधिकार नाही.

म्हणूनच २०१६ च्या नियमांनी असे ठरविले की, रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असता कामा नये आणि कर व विमानतळाची शुल्के प्रत्येक प्रवाशास परत मिळाली पाहिजेत. प्रवासी विमानतळावर आलाच नाही, तिकीट सवलतीच्या दराचे होते किंवा मूळ भाडे परत न मिळणारे होते, तरीही यात फरक पडत नाही. परतावा करण्याच्या कामासाठी वेगळा आकार लावण्यासही या नियमांनी मनाई केली.

एक उदाहरण घेऊ. समजा, तिकीट ३,५०० रुपयांचे आहे. त्यांत मूळ भाडे व इंधन अधिभार २,८०० रुपये आणि कर व शुल्के ७०० रुपये. घरात कोणी आजारी पडल्याने प्रवाशाने ऐन वेळी तिकीट रद्द केले, तर कंपनी फार तर २,८०० रुपये कापू शकते. उरलेले ७०० रुपये प्रवाशाचेच आहेत. पुष्कळ प्रवासी 'आता काय मिळणार' असे म्हणून ते मागतही नाहीत. रक्कम लहान असते, परंतु अशा न मागितलेल्या लहान रकमांची बेरीज मोठी होते.

तिकीट एखाद्या एजंटामार्फत अथवा संकेतस्थळावरून काढले असेल, तर 'कंपनीकडे विचारा' आणि 'एजंटाकडे विचारा' या दोन उत्तरांमध्ये प्रवाशाची ओढाताण होते. नियम या बाबतीत स्पष्ट आहे. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असल्याने परताव्याची जबाबदारी कंपनीवरच राहते. २०१६ च्या नियमांत अशा तिकिटांसाठी ३० कामकाजाच्या दिवसांची, तर क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटांसाठी ७ दिवसांची मुदत घालण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालनालयाने या नियमांच्या सुधारणेचा मसुदा प्रसिद्ध केला. तिकीट काढल्यापासून ४८ तासांच्या आत जादा आकार न देता ते रद्द करण्याची किंवा बदलण्याची मुभा काही अटींवर असावी, असे त्यात सुचविण्यात आले होते. नियम असे बदलत असल्याने तिकीट काढतेवेळी कोणती तरतूद लागू आहे, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहून घेणे इष्ट ठरते.

कंपनीने उड्डाण रद्द केले तर

उड्डाण रद्द होणार असल्यास कंपनीने प्रवाशाला किमान दोन आठवडे आधी कळवावे, ते जमले नाही तर निदान २४ तास आधी तरी कळवावे, आणि दुसऱ्या विमानाची सोय किंवा पूर्ण परतावा यांपैकी प्रवाशास जे मान्य असेल ते द्यावे, अशी तरतूद आहे. 'प्रवाशास मान्य असेल ते' हे शब्द फार मोलाचे आहेत. निवड प्रवाशाने करावयाची असते.

वेळेत कळविले नाही आणि प्रवाशाला मान्य होईल अशी दुसरी सोयही केली नाही, तर पूर्ण परताव्याखेरीज भरपाईही द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये व त्याहून लांबच्या उड्डाणासाठी १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे व इंधन अधिभार यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून ठरविण्यात आली. वरील उदाहरणातील प्रवाशाला अशा वेळी तिकिटाचे ३,५०० रुपये परत मिळतील आणि २,८०० रुपये भरपाई मिळेल. मात्र तिकीट काढताना त्याने आपला दूरध्वनी क्रमांक बरोबर दिलेला असला पाहिजे. तो न दिल्यामुळे कंपनीला कळविता आले नाही, तर भरपाईचा हक्क राहत नाही. एजंटाने प्रवाशाऐवजी स्वतःचाच क्रमांक नोंदविला असेल, तर नेमकी हीच अडचण उभी राहते.

जागांपेक्षा अधिक तिकिटे विकल्यामुळे, वेळेवर आलेल्या प्रवाशाला विमानात प्रवेश नाकारला गेला तर नियम अधिक कडक आहे. कंपनीने प्रथम स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधले पाहिजेत. त्यानंतरही कोणाला त्याच्या इच्छेविरुद्ध मागे ठेवले आणि तासाभरात दुसरे विमान दिले नाही, तर भरपाई देय होते. दुसरे विमान २४ तासांच्या आत मिळाल्यास मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यानंतर मिळाल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. प्रवाशाने दुसरे विमान नाकारल्यास त्याला पूर्ण परतावा आणि ही चौपट भरपाई मिळते.

विलंबाच्या बाबतीत, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास वा अधिक उशीर होणार असेल तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना अल्पोपाहार अथवा जेवण दिले पाहिजे. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा देऊ करावा लागतो.

पाऊस, धुके आणि 'असाधारण परिस्थिती'

नैसर्गिक आपत्ती, वाईट हवामान, सुरक्षेचा धोका, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरील कारणांनी उड्डाण रद्द झाले तर भरपाई द्यावी लागत नाही. ही तरतूद न्याय्यच आहे. धुक्यात विमान उडविण्याचा आग्रह कोणी धरणार नाही. तथापि तिचा अर्थ पुष्कळदा ताणला जातो. हवामानामुळे भरपाई टळते, परतावा टळत नाही. जी सेवा दिलीच नाही, तिचे पैसे ठेवून घेता येत नाहीत.

खाण्यापिण्याची सोयही टळत नाही. दिल्लीच्या धुक्यात अडकून पडलेल्या एका विमानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निर्णय दिला. इंटरग्लोब एव्हिएशन या कंपनीविरुद्धचे ते प्रकरण होते. धुक्यामुळे झालेल्या विलंबाबद्दल नुकसानभरपाई देण्याचा आदेश न्यायालयाने रद्द केला. परंतु त्याच वेळी असेही स्पष्ट केले की, अडकलेल्या प्रवाशांची किमान काळजी घेण्याचे कर्तव्य स्वस्त दराच्या कंपन्यांनाही टाळता येत नाही. तिकीट स्वस्त घेतले म्हणून प्रवाशाने उपाशी बसावे, असा अर्थ निघत नाही.

दोन धडे

करोनाच्या साथीत २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने बंद राहिली. लक्षावधी प्रवाशांचे पैसे कंपन्यांकडे अडकले. रोख परत करण्याऐवजी ते पुढील प्रवासासाठी कंपनीच्याच खात्यात जमा ठेवण्याची पद्धत, म्हणजे 'क्रेडिट शेल', सर्रास सुरू झाली. प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. टाळेबंदीच्या काळात, टाळेबंदीतील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे पूर्ण परत करावेत असे ठरले. त्याआधी काढलेल्या तिकिटांच्या बाबतीत, आर्थिक अडचणीतील कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत रक्कम जमा ठेवण्याची सवलत मिळाली. परंतु त्या रकमेत जून २०२० अखेरपर्यंत दरमहा अर्धा टक्का व पुढे पाऊण टक्का वाढ द्यावी आणि मुदतीअंती शिल्लक रक्कम परत करावी, असे बंधन घातले गेले. रक्कम जमा ठेवावयाची की परत घ्यावयाची हे प्रवाशाने ठरवावे, हे तत्त्व नियमांत आधीपासूनच होते.

दुसरा धडा बंद पडलेल्या कंपन्यांचा. किंगफिशरचा परवाना ऑक्टोबर २०१२ मध्ये निलंबित झाला. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्टने मे २०२३ च्या आरंभी सेवा बंद केली. कंपनी दिवाळखोरीत गेली की तिकिटाचे पैसे मागणारा प्रवासी बँका व इतर सावकारांच्या रांगेत फार मागे उभा राहतो. म्हणून परतावा मागण्यास दिरंगाई करू नये आणि गरज नसताना आपली रक्कम कंपनीकडे जमा ठेवू नये.

शासनाने वेळीच हात घातला की काय होते, हे डिसेंबर २०२५ मध्ये दिसले. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार पुरेशी तयारी न झाल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. केंद्र शासनाने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत परतावे पूर्ण करण्याचा आदेश दिला, भाड्यांना कमाल मर्यादा घातली आणि सहाशे कोटींहून अधिक रुपये प्रवाशांना परत गेले. एरवी महिनोन्‌महिने रेंगाळणारे परतावे मनात आणल्यास काही दिवसांत देता येतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

लहान विमानतळाची वेगळी अडचण

हे नियम मुंबई व दिल्लीस लागू आहेत तसेच सोलापूरलाही आहेत. परंतु त्यांचा परिणाम सर्वत्र सारखा होत नाही. मुंबईहून दिल्लीचे एक विमान रद्द झाले तर थोड्या वेळात दुसरे असते. ज्या गावातून एका मार्गावर दिवसाला एखादेच विमान निघते, किंवा आठवड्यातील काही दिवसच निघते, तेथे 'दुसरे विमान' या शब्दांना फारसा अर्थ राहत नाही. पुण्याहून उद्याचे विमान देतो, असे कंपनीने सांगितले तर पुणे येथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. म्हणूनच 'प्रवाशास मान्य असेल ते' या शब्दांचे महत्त्व सोलापूरकरांना अधिक आहे. सोय गैरसोयीची असेल तर ती नाकारून पूर्ण परतावा मागता येतो.

जे प्रवासी पुण्याहून किंवा हैदराबादहून विमान पकडतात, त्यांची स्थिती आणखी निराळी. विमान दुपारचे असले तरी त्यांना पहाटेच घर सोडावे लागते. उड्डाण रद्द झाल्याचा निरोप विमान सुटण्याच्या चार तास आधी आला, तर तो भिगवणच्या आसपास मिळतो. त्यांच्या दृष्टीने २४ तास आधी कळविण्याचा नियम हाच सर्वांत उपयोगी नियम होय.

भरपाईची रक्कम भाड्याशी जोडलेली आहे, हीदेखील विचार करण्यासारखी बाब आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'उडान' योजनेत लहान शहरांतून सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी काही जागांचे भाडे अडीच हजार रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले. त्यामुळे सामान्य माणसाला विमान परवडू लागले, हे खरे. परंतु भाडे जितके कमी, तितकी नियमाने मिळणारी भरपाईही कमी. मुंबईतील शस्त्रक्रियेची तारीख चुकलेल्या रुग्णाचे किंवा निर्यातीचा करार हुकलेल्या टॉवेल उत्पादकाचे नुकसान दोन-अडीच हजारांत भरून निघत नाही. महासंचालनालयाचा नियम येथे थांबतो. येथून पुढचे काम ग्राहक कायद्याचे आहे.

दाद सोलापुरातच मागता येते

ग्राहक चळवळ ही महाराष्ट्राला परकी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, त्यानंतर बारा वर्षांनी देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. १९८६ च्या त्या कायद्यात एक उणीव होती. तक्रार साधारणपणे कंपनीचे कार्यालय वा शाखा जेथे असेल, किंवा घटना जेथे घडली असेल, तेथेच करावी लागे. पुण्याहून दिल्लीला निघालेल्या सोलापूरच्या प्रवाशाला दोन-तीन हजार रुपयांसाठी परगावी हेलपाटे घालावे लागत. अर्थातच तो घालत नसे.

२० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने ही उणीव दूर केली. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. म्हणजे अक्कलकोटच्या, बार्शीच्या किंवा पंढरपूरच्या प्रवाशाला सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते, कंपनीचे मुख्यालय कोठेही असो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ती संगणकाद्वारे दाखल करण्याची सोयही झाली आहे. सेवेतील त्रुटी सिद्ध झाल्यास आयोग परतावा, व्याज, मनस्तापाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च देवविू शकतो. निकालास काही वेळा अपेक्षेहून अधिक काळ लागतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तक्रार दाखल होताच तडजोडीस तयार होणाऱ्या कंपन्याही असतात.

तेथवर जाण्यापूर्वीच्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी व तिचा क्रमांक घ्यावा. तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावे. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' संकेतस्थळावर, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात.

प्रवाशाने काय जपावे

हक्क हा पुराव्याच्या आधारे टिकतो. तिकीट, बोर्डिंग पास आणि उड्डाण रद्द झाल्याचा संदेश, त्यावरील वेळेसह, जपून ठेवावा. उड्डाण कोणत्या कारणाने रद्द झाले, ते कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून लेखी मागून घ्यावे. पर्यायी गाडीचे भाडे, हॉटेलचा व जेवणाचा खर्च यांच्या पावत्या ठेवाव्यात. तिकिटावर स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक असल्याची खात्री करावी. परताव्याऐवजी जमा रक्कम देऊ केल्यास विचार न करता होकाराचे बटण दाबू नये. काउंटरवरील कर्मचारी हा नियम करणारा नसतो. त्याच्याशी वाद घालून वेळ दवडण्यापेक्षा शांतपणे नोंद करून घेणे पुढे अधिक उपयोगी पडते.

वेळेवर हजर राहणे, खरी माहिती देणे आणि अटी वाचून तिकीट काढणे ही प्रवाशाची कर्तव्ये आहेत. ती ज्याने पाळली, त्याच्या मागणीला बळ येते.

बंधुभगिनींनो, एकेकाळी विमान ही मूठभर श्रीमंतांची चैन समजली जाई, आणि तिच्यातील गाऱ्हाणीही त्यांचीच मानली जात. आता उपचारासाठी निघालेला वृद्ध, नोकरीच्या मुलाखतीस निघालेली मुलगी आणि मालाचा नमुना घेऊन निघालेला यंत्रमागधारक एकाच विमानात बसतो. यांच्यापैकी कोणाच्याही दृष्टीने तीन हजार रुपये ही क्षुल्लक रक्कम नाही. लहान शहरातील विमानसेवा प्रवाशांच्या विश्वासावर टिकते. विमान वेळेवर सुटेल, आणि सुटले नाही तर पैसे विनासायास परत मिळतील, एवढा भरवसा वाटला तरच लोक पुन्हा तिकीट काढतील. आपला हक्क मागणारा प्रवासी सेवेचा शत्रू नसतो. ती सेवा सुधारावी आणि चालू राहावी, यासाठी त्याचा हातभारच लागतो.